दावा किती रुपयांचा आणि न्यायालय कोणते?
मुंबई उपनगरांतील वाचकांसाठी दिवाणी न्यायालयांच्या आर्थिक मर्यादेची ओळख

उसने दिलेले पैसे परत येत नाहीत, वडिलोपार्जित घराची वाटणी होत नाही, दुकानाला पुरविलेल्या मालाचे बिल थकते. अशा वेळी बहुतेक कुटुंबे प्रथम सामोपचाराचा मार्ग धरतात आणि तो खुंटला म्हणजे न्यायालयाचा विचार करतात. मात्र ‘कोर्टात जायचे का?’ या प्रश्नावर घरात जेवढी चर्चा होते, तेवढी ‘कोणत्या कोर्टात जायचे?’ या प्रश्नावर होत नाही. ते वकील पाहतील, असे म्हणून आपण मोकळे होतो. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील रहिवाशांनी तरी हा प्रश्न स्वतः समजून घ्यावा, असे आम्हांस वाटते. कारण मुंबईची दिवाणी न्यायव्यवस्था उर्वरित महाराष्ट्राहून वेगळी आहे आणि दाव्याची रक्कम येथे न्यायालयाचे दारच बदलून टाकते.

आर्थिक अधिकारिता म्हणजे काय?

एखादा दावा ऐकण्याचा न्यायालयाचा अधिकार तीन गोष्टींवरून ठरतो. पहिली गोष्ट तंट्याचे स्वरूप, दुसरी स्थळ आणि तिसरी दाव्याचे मूल्य. यांपैकी तिसरीला आर्थिक अधिकारिता म्हणतात. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६ नुसार न्यायालयाने आपल्या आर्थिक मर्यादेबाहेरच्या रकमेचा दावा चालवावयाचा नाही. कलम १५ सांगते की, दावा चालविण्यास समर्थ असलेल्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या न्यायालयातच तो दाखल करावा. म्हणजे खालचे न्यायालय समर्थ असताना केवळ ‘मोठ्या कोर्टात लवकर न्याय मिळेल’ या समजुतीने वर जाता येत नाही.

या नियमामागील हेतू सरळ आहे. लहान रकमेच्या तंट्यांसाठी माणसाला फार वर जावे लागू नये, खर्च आवाक्यात राहावा आणि वरच्या न्यायालयांना अपिले व महत्त्वाच्या प्रकरणांसाठी वेळ मिळावा. मात्र हा हेतू साध्य होण्यासाठी मर्यादेचा आकडा काळाबरोबर चालला पाहिजे. तो मागे राहिला तर काय होते, हे मुंबईच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

१० हजारांपासून १० कोटींपर्यंत

पुणे, नाशिक किंवा नागपूर येथील दिवाणी दावा साधारणपणे तेथील दिवाणी न्यायाधीशांपुढे सुरू होतो आणि उच्च न्यायालयाकडे तो अपिलाच्या वाटेने पोहोचतो. मुंबईत मात्र १८६२ साली स्थापन झालेल्या उच्च न्यायालयाला दावे थेट ऐकण्याचाही अधिकार मिळाला. १८६५ च्या लेटर्स पेटंटमधील बाराव्या खंडाने हा अधिकार निश्चित केला आणि लघुवाद न्यायालयाच्या कक्षेतील १०० रुपयांपर्यंतचे दावे तेवढे त्यातून वगळले. आजही वकील मंडळी उच्च न्यायालयाच्या या शाखेला ‘ओरिजिनल साइड’ म्हणतात.

स्वातंत्र्यानंतर मुंबई नगर दिवाणी न्यायालय अधिनियम, १९४८ अन्वये नगर दिवाणी न्यायालय अस्तित्वात आले. त्याची सुरुवातीची मर्यादा १०,००० रुपये होती. जानेवारी १९५० मध्ये शासनाने अधिसूचना काढून ती २५,००० रुपयांवर नेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारीमध्ये, उच्च न्यायालयात वचनचिठ्ठ्यांवरील वसुलीचा एक दावा दाखल झाला. दाव्याची रक्कम ११,७०४ रुपये, ५ आणे, ४ पै होती. जुन्या मर्यादेप्रमाणे पाहिले तर दावा उच्च न्यायालयाचा, नव्या मर्यादेप्रमाणे पाहिले तर नगर दिवाणी न्यायालयाचा! उच्च न्यायालयाने मर्यादा वाढविण्याची तरतूदच अवैध ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २० डिसेंबर १९५० रोजी त्या न्यायालयाने तरतूद वैध असल्याचा निर्णय दिला. कर्ज खरे की खोटे, हा प्रश्न बाजूलाच राहिला. ते कोणी तपासावे, एवढ्यासाठी नव्या प्रजासत्ताकाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

पुढे ही मर्यादा ५०,००० रुपये झाली आणि तेथेच अडकली. ती पूर्णपणे उठविण्याचा कायदा राज्य विधिमंडळाने १९८६ साली केला. त्याला आव्हान देण्यात आले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो वैधही ठरविला. तरीही ५०,००० रुपयांची मर्यादा व्यवहारात टिकून राहिली. या काळात रुपयाची किंमत किती उतरली आणि उपनगरांतील घरांचे भाव कोठे पोहोचले, हे वाचकांना सांगावयास नको. परिणाम असा झाला की, बोरिवलीतील एखाद्या निवृत्त कर्मचाऱ्याला एक लाख रुपयांची उसनवारी वसूल करावयाची असली, तरी त्याला राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे दावा मांडावा लागे. लहान माणसाच्या सोयीसाठी आखलेली रेषा अशा रीतीने त्याच्याच वाटेत आडवी आली.

अखेर २८ ऑगस्ट २०१२ पासून ही मर्यादा १ कोटी रुपये झाली आणि उच्च न्यायालयात पडून असलेले अनेक दावे नगर दिवाणी न्यायालयाकडे वर्ग झाले. त्यानंतर २०२३ च्या दुरुस्ती अधिनियमाने मर्यादा १० कोटी रुपयांवर नेली. ती १९ जानेवारी २०२४ पासून अमलात आली. सुमारे ७५ वर्षांत आकडा दहा हजारांवरून दहा कोटींवर, म्हणजे दहा हजार पटींनी वाढला. मात्र ही वाढ वर्षानुवर्षे थोडी थोडी न होता मोठ्या खंडानंतर एकेका उडीने झाली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

उपनगरवासीयांसाठी आजची स्थिती

बृहन्मुंबईच्या हद्दीतील १० कोटी रुपयांपर्यंतचा सर्वसाधारण दिवाणी दावा आज नगर दिवाणी न्यायालयात दाखल होतो. दाव्याचे मूल्य त्याहून अधिक असल्यास उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत जावे लागते. नगर दिवाणी न्यायालयाचे मुख्य स्थान फोर्ट भागातील जुन्या सचिवालयाच्या इमारतीत आहे. पश्चिम उपनगरांच्या सोयीसाठी गोरेगाव पूर्वेला दिंडोशी येथेही त्याचे कामकाज चालते. आपला भाग कोणत्या ठिकाणी जोडलेला आहे, याची खात्री दावा दाखल करण्यापूर्वी करून घ्यावी.

या बदलाचा आणखी एक लाभ आहे. उच्च न्यायालयाच्या एका न्यायाधीशांनी दिलेल्या निकालावर त्याच न्यायालयाच्या खंडपीठाकडे अपील करावे लागते. दावा नगर दिवाणी न्यायालयात चालला, तर पहिले अपील उच्च न्यायालयात होते. म्हणजे उच्च न्यायालयाचा दरवाजा बंद झालेला नाही, त्याचा क्रम तेवढा बदलला आहे. अर्थात दाव्यांचा भार एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेल्याने तो हलका होत नाही. न्यायाधीश, कर्मचारी आणि न्यायदालने यांची संख्या त्या प्रमाणात वाढली, तरच पक्षकाराला फरक जाणवेल.

मुलुंड आणि ठाणे यांच्यामधील रेषा

आजची उपनगरे एकेकाळी मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होती. साष्टीतील त्या गावांमधील जमिनीचा तंटा ठाण्याच्या न्यायव्यवस्थेकडे जाई. १५ एप्रिल १९५० रोजी महानगरपालिकेची हद्द पश्चिमेस अंधेरीच्या पुढे जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेस घाटकोपरच्या पुढे भांडुपपर्यंत वाढली. १ फेब्रुवारी १९५७ रोजी बोरिवली, दहिसर आणि मुलुंडही तीत आले. बृहन्मुंबईच्या हद्दीबरोबर मुंबईची आगळी न्यायव्यवस्थाही या गावांपर्यंत पोहोचली.

तिचा परिणाम मुलुंडच्या वाचकांना चटकन समजेल. मुलुंड येथील १२ कोटी रुपयांच्या भूखंडाचा दावा उच्च न्यायालयात जाईल. चेकनाक्यापलीकडे, ठाण्याच्या हद्दीतील तेवढ्याच किमतीच्या भूखंडाचा दावा ठाण्याच्या वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांपुढे चालेल, कारण त्यांच्या अधिकाराला वरची आर्थिक मर्यादा नाही. स्थावर मालमत्तेच्या दाव्यात मालक कोठे राहतो यापेक्षा मालमत्ता कोठे आहे, हे महत्त्वाचे असते. घाटकोपरला राहणाऱ्या भावंडांचा ठाण्यातील घराविषयीचा वाद म्हणून ठाण्यातच सुरू होईल.

दाव्याचे मूल्य कसे ठरते?

वादपत्रात दाव्याचे मूल्य दोन कारणांसाठी लिहावे लागते. एक न्यायालयाची अधिकारिता ठरविण्यासाठी आणि दुसरे न्यायालयीन शुल्क, म्हणजेच कोर्ट फी, आकारण्यासाठी. पैशाच्या वसुलीत हिशेब सोपा असतो. मुद्दल आणि दावा दाखल होईपर्यंतचे देय व्याज यांची बेरीज करावयाची. समजा, घाटकोपरच्या एका गृहस्थाने नातेवाइकाला ६ लाख रुपये दिले आणि करारानुसार व्याज १ लाख २० हजार झाले. दावा ७ लाख २० हजारांचा झाला. पुढे निकालापर्यंत चढणारे व्याज मागता येते, परंतु दाव्याच्या मूल्यात ते धरले जात नाही.

वडिलोपार्जित घराच्या वाटणीत हिशेब निराळा असतो. अंधेरीच्या एखाद्या गावठाणातील जुने घर आज ४ कोटींचे असेल आणि वादी बहिणीचा हिस्सा चौथा असेल, तर तिला शुल्क १ कोटीच्या हिश्शावर पडते, सबंध घराच्या किमतीवर नाही. हे ठाऊक नसल्याने केवळ शुल्काच्या धास्तीने हक्क सोडून देणे योग्य नव्हे. महाराष्ट्रात न्यायालयीन शुल्काला कमाल मर्यादाही आहे. २०१८ साली ती ३ लाखांवरून १० लाख रुपयांवर नेण्यात आली.

काही दाव्यांचे मोल पैशात करताच येत नाही. महानगरपालिकेने बांधकाम पाडण्याची नोटीस दिली आणि तिच्याविरुद्ध केवळ मनाई हुकूम हवा असला, तर असा दावा कायद्याने ठरविलेल्या अल्प मूल्यावर दाखल होतो. ५०,००० रुपयांची मर्यादा असतानाही असे असंख्य दावे नगर दिवाणी न्यायालयात चालत आले, त्याचे कारण हेच होय.

रक्कम कितीही असो, वाट वेगळी

दहा कोटींचा आकडा पाठ केला म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. अनेक तंटे त्यांच्या स्वरूपामुळे दुसऱ्याच दारी जातात. तेथे दहा कोटींचा नियम लागूच होत नाही.

भाडेकरू व मालक यांच्यातील, तसेच लीव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या जागेच्या ताब्याचे दावे लघुवाद न्यायालयाकडे जातात. जागेची किंमत काहीही असो. या न्यायालयाचे मुख्य स्थान धोबीतलावजवळ असून वांद्रे येथे त्याची शाखा आहे. राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लायसन्सची मुदत संपली असल्यास भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडेही अर्ज करता येतो.

गृहनिर्माण सोसायटी आणि सभासद यांच्यातील कामकाजविषयक वाद सहकार न्यायालयाचे असतात. थकीत देखभाल खर्चाच्या वसुलीसाठी सोसायटीला निबंधकाकडे जाता येते. बांधकाम व्यावसायिकाने ताबा लांबविला तर महारेराकडे तक्रार करता येते. तेथे रकमेची मर्यादा नाही. मृत्युपत्राच्या प्रोबेटचे अर्ज मालमत्ता लहान असली तरी उच्च न्यायालयातच होतात. वैवाहिक तंटे कुटुंब न्यायालयाकडे जातात. बँकेचे थकीत कर्ज २० लाख किंवा अधिक असल्यास बँक कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाते. ही रक्कम २०१८ पूर्वी १० लाख होती.

ग्राहकांच्या तक्रारींना स्वतंत्र आर्थिक मर्यादा आहेत आणि त्यांत फसगत होण्याचा संभव फार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाची मर्यादा १ कोटी केली होती. डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती ५० लाखांवर आणली. ५० लाखांहून अधिक व २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग, अशी आज विभागणी आहे. येथे मोजावयाची ती ग्राहकाने मोबदला म्हणून दिलेली रक्कम. नुकसानभरपाई किती मागितली, हे पाहिले जात नाही. ८० लाख देऊन घेतलेल्या सदनिकेतील गळतीबद्दल कोणी २ लाखांची भरपाई मागितली, तरी तक्रार राज्य आयोगाकडे जाईल. उलट १० हजारांच्या वस्तूमुळे मोठी हानी झाली, तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे राहील. मापनाची ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये वैध ठरविली आहे.

व्यापाऱ्यांसाठी आणखी एक सूचना. दोन व्यापाऱ्यांमधील ३ लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा तंटा वाणिज्यिक न्यायालय अधिनियम, २०१५ खाली येतो. प्रारंभी ही किमान रक्कम १ कोटी होती, ३ मे २०१८ पासून ती ३ लाख झाली. मुलुंडच्या घाऊक विक्रेत्याचे दुकानदाराकडे ४ लाखांचे बिल थकले, तर दावा नगर दिवाणी न्यायालयातच, पण वाणिज्यिक म्हणून दाखल होईल. तातडीचा अंतरिम आदेश नको असेल, तर त्यापूर्वी मध्यस्थीसाठी अर्ज करणे बंधनकारक आहे. ती पायरी गाळल्यास वादपत्र फेटाळले जाऊ शकते. मित्राला घरगुती अडचणीत दिलेले ४ लाख मात्र वाणिज्यिक ठरत नाहीत.

चुकीच्या दारी गेल्यास

मर्यादेबाहेरच्या न्यायालयात दावा दाखल झाला, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम १० प्रमाणे वादपत्र परत केले जाते. ते योग्य न्यायालयात पुन्हा सादर करता येते. हक्क बुडत नाही, परंतु वर्षे जातात. पैशाच्या वसुलीला सामान्यतः ३ वर्षांची मुदत असते. मुदतीच्या कायद्याचे कलम १४ सांगते की, वादीने सद्भावाने व योग्य ती दक्षता घेऊन चुकीच्या न्यायालयात घालविलेला काळ मुदतीतून वगळता येतो. ‘दक्षता’ हा शब्द येथे कळीचा आहे. सोयीचे न्यायालय मिळावे म्हणून मुद्दाम मूल्य कमी-अधिक लिहिणाऱ्याला ही सवलत मिळेल, अशी आशा धरू नये.

प्रतिवादीनेही सावध असावे. न्यायालयाच्या आर्थिक मर्यादेविषयी हरकत असल्यास ती आरंभीच, मुद्दे निश्चित होण्यापूर्वी किंवा निश्चित होताना घ्यावी लागते. दावा हरल्यानंतर अपिलात हा मुद्दा प्रथमच काढणाऱ्याचे न्यायालय सहसा ऐकत नाही. त्या चुकीमुळे न्यायाची हानी झाली, हेही कलम २१ नुसार दाखवावे लागते.

आणखी एक सापळा टाळावा. मर्यादेत बसण्यासाठी वादीला रकमेचा काही भाग सोडून देता येतो. मात्र सोडलेला भाग पुढे निराळ्या दाव्याने मागता येत नाही. एकाच कारणाचे दोन तुकडे करून दोन दावे लावण्यास कायदा परवानगी देत नाही.

दावा लावण्यापूर्वी

वकिलांकडे जाताना वाचकांनी चार गोष्टी एका कागदावर लिहून न्याव्यात, असे आम्ही सुचवितो. पैसे किंवा मालमत्ता नेमकी किती, व्याजासह आजपर्यंतची रक्कम किती, मालमत्ता कोणत्या हद्दीत आहे आणि व्यवहार कोणत्या तारखेला झाला. मग वकिलांना विचारावे की, हा तंटा कोणत्या न्यायालयाचा, तेथे दाव्याचे मूल्य किती लिहिणार, शुल्क किती पडेल आणि मुदत कधी संपते. या प्रश्नांची उत्तरे लेखी मागण्यात संकोच बाळगू नये. ज्यांना वकिलाचा खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तेथील मोफत साहाय्य उत्पन्न न पाहता मिळते. दावा चालू असताना लोकअदालतीत तडजोड झाली, तर भरलेले शुल्कही परत मिळते.

कायद्यातील मर्यादेचा आकडा विधिमंडळ ठरविते. तो अनेक दशके गोठून राहिला, तेव्हा उपनगरांतील साध्या माणसांनी त्याची किंमत मोजली. आज तो वाढला आहे आणि न्यायालयही काहीसे जवळ आले आहे. आता आपल्या दाव्याचा आकडा प्रामाणिकपणे व नेमका मांडणे, हे पक्षकाराचे काम उरते. वाटणी मागणाऱ्या बहिणीचे किंवा आयुष्यभराची पुंजी उसनी देऊन बसलेल्या वृद्धाचे पहिले वर्ष चुकीच्या दारी उभे राहण्यात जाऊ नये, एवढ्याचसाठी ही माहिती आम्ही येथे मांडली आहे.